नंदीने खाल्लेला कोपरा

मी एक जुने पोस्टकार्ड आहे. अंगाने एवढेसे, पण मित्रांनो, एकदा माझ्यामुळे अख्खे घर रडायला बसले होते. आठवले की अजून धडधडते.

१९५४ च्या पोळ्याआधी टेकचंदने मला गोंदियाच्या डाकघरात विकत घेतले. त्याची बायको बाळंतपणासाठी तिथल्या दवाखान्यात होती आणि तिची तब्येत नाजूक होती. सहा वर्षांची फुलवंता केशोरीला आजोळी, आजीकडे होती. तान्ह्या पोळ्याला लेकरे लाकडी बैल मिरवतात. तसा नंदी बापाने तिला कबूल केला होता. म्हणून त्याने नंदीच्याच नावाने, मोठमोठ्या अक्षरांत लिहिले, "फुलवंता, मी तुहा नंदी. बाबासंग येऊन राहिलो. रस्त्यात भूक लागली, म्हणून या कार्डाचा कोपरा खाल्ला. तुले भाऊ झाला. माय बरी आहे."

मग हसत हसत त्याने खरेच माझा कोपरा फाडला. अरे देवा! कोपरा फाटलेले कार्ड म्हणजे मरणाची खबर, हे आनंदाच्या भरात त्याला सुचलेच नाही. मला तोंड असते तर मी ओरडले असते. थैलीत माझा जीव टांगणीला लागला. त्यातून पावसाने अक्षरे पुसली तर?

केशोरीत पोस्टमन श्यामलालने मान खाली घालून मला दिले आणि तो घाईने निघून गेला. कोपरा पाहताच भागीरथा आजी मटकन खाली बसली. "माही पोरगी गेली वो माय!" शेजारची सुशिलाबाई धावत आली. वाचता दोघींनाही येत नव्हते. असले पत्र घरात नेत नाहीत. ती मला दारातच फाडायला निघाली.

"आजी, काऊन रडून राहिली?" म्हणत फुलवंताने मला ओढून घेतले. ती एकेक अक्षर जुळवू लागली. नंदी... भूक... कोपरा...

"बैलानं खाल्ला, आजी!" ती खदखदून हसली. मग तिने शेवटची ओळ वाचली.

"थे मायचं पुन्हा वाच," आजी म्हणाली. पुन्हा वाचले. पुन्हा. नंदीचे तिला काही कौतुक नव्हते. "येऊ दे टेकचंदले. बैलाच्या आधी त्यालेच वेसण घालीन!"

भाताची शिते लावून तिने माझ्या फाटक्या जागी कागद चिकटवला, तेव्हा कुठे मला घरात घेतले.

मित्रांनो, लेकरांना गमतीची पत्रे जरूर लिहा. पण त्याच दारात एखादी म्हातारीही वाट पाहत असते. तिच्यासाठी पहिल्या ओळीत खुशाली लिहा.