कांताबाईंची खुर्ची आणि बाजूची वाट

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. घोडपदेवच्या एका चाळीत, तळमजल्यावर, कांताबाईंच्या दाराशी माझा मुक्काम असतो. माझे हात रुंद आहेत, पाठ उंच आहे आणि वजनही बरेच आहे.

मला कोंडीरामांनी, म्हणजे कांताबाईंच्या यजमानांनी घडवले. ते गिरणीच्या सुतारखात्यात होते. मुलगा झाला, तेव्हा बायकोला बाळ घेऊन नीट बसता यावे म्हणून त्यांनी जुन्या बाजारातून दाराच्या फळ्या आणल्या आणि सुट्टीच्या दिवसांत मला तयार केले. ते बाळ म्हणजे अमित. पुढे चाळीत कोणी आजारी पडले की लोक मला मागायला येऊ लागले. माणसाला माझ्यावर बसवायचे आणि उचलून रस्त्यापर्यंत न्यायचे. "खुर्ची भक्कम आहे हो," असे लोक म्हणत आणि मला फार बरे वाटे.

नंतर कोंडीराम वारले. घरात प्लास्टिकच्या हलक्या खुर्च्या आल्या आणि मी जिन्याखाली गेले. माझ्यावर रंगाचे डबे आणि फाटक्या ताडपत्र्या चढल्या. कोणी माझी आठवणसुद्धा काढत नव्हते.

मग कांताबाईंच्या किडन्या निकामी झाल्या. डायलिसिसला जायचे, पण पाऊल उचलेना. अमितने मला बाहेर काढले, धुतले, सैल सांधे ठोकून घेतले. तो आणि शेजारचा दीपक मला पुढून-मागून धरून बाजूच्या वाटेने टॅक्सीपर्यंत नेऊ लागले.

ही वाट म्हणजे आमची चाळ आणि अवधूतची खानावळ यांच्यामधली मोकळी जागा. खानावळ जुनी, बैठी. ती पाडून अवधूतला दुमजली इमारत बांधायची होती. नियमाप्रमाणे बाजूला जागा सोडायला हवी होती, पण त्याचा प्लॉट अरुंद. म्हणून भिंत थोडी वाटेत घेण्याची सवलत त्याने महापालिकेकडे मागितली. चाळीने हरकत घेतली.

अवधूत आमच्या घरी आला. "काकू, एवढी जागा सोडली तर टेबलं कुठे मांडू? माझं पण पोट त्याच्यावरच आहे."

"तू मागतोयस त्यात वाईट काय नाही रे," कांताबाई म्हणाल्या. "पण मला बाहेर कसं नेतील, ते सांग."

चहा न घेताच तो उठला.

पाहणीला महापालिकेच्या इंजिनीअर रश्मी मॅडम आल्या. नवी भिंत जिथे येणार, तिथे त्यांनी दोरी ताणायला लावली. एक टोक त्यांच्या माणसाने धरले, दुसरे अवधूतने. नेमका तो कांताबाईंच्या डायलिसिसचा दिवस होता.

"मॅडम, आम्हाला निघायला लागेल," अमित म्हणाला.

"निघा ना. दोरी मात्र राहू दे."

चाळीचा पाइप जिथे भिंतीबाहेर येतो, तिथे माझा एक हात पाइपला घासला आणि दुसरा दोरीत रुतला. दीपकने मला तिरके करून पाहिले. कांताबाई घसरू लागल्या आणि आधारासाठी त्यांनी दोरीच धरली. अवधूतने हातातले टोक सोडले, धावत येऊन मला खालून धरले.

सगळे सावरल्यावर तो हळूच म्हणाला, "मॅडम, भिंत इथे घेता येणार नाही."

निर्णय आला. बाजूची सवलत नाकारली होती. पण मागे गोदामाची बिनखिडक्यांची भिंत होती, तिकडे कोणाची ये-जा नव्हती. तिथे जागा कमी सोडायला परवानगी मिळाली. अवधूतचे स्वयंपाकघर मागे सरकले. तरी टेबले त्याच्या मनासारखी मावली नाहीत आणि बरेच दिवस तो आमच्याशी बोलला नाही. उद्घाटनाच्या दिवशी मात्र कांताबाईंसाठी पथ्याचे जेवण घेऊन तो स्वतः आला.

मला वाटले, आता काळजी मिटली. परवा आम्ही निघालो तर वाटेत मोटारसायकल आडवी. तिच्यामागे कोणाचा तरी मोडका कूलर. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता आणि कांताबाई माझ्यावर घामाघूम होऊन बसल्या होत्या.

"कोणाची रे गाडी?" त्यांनी विचारले.

दीपक खाली बघत म्हणाला, "माझीच आहे, काकू."

मित्रांनो, मी लाकडाची. मला उचलून नेणारे असतील तरच मी कामाची आणि पुढे वाट असेल तरच ते मला नेणार. तुमच्या घराच्या बाजूलाही अशी मोकळी जागा असेल. आज तिथे काय ठेवले आहे, एकदा बघून याल का?