आखाजीचा मांडा आणि आईचा डावा खांदा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन आठवडे उरले आणि आईचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. दुसऱ्या घरात ही दवाखान्याची बातमी झाली असती. आमच्या भुसावळच्या घरात ती खापराची झाली.

मांडा म्हणजे पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर खेळवत, कोपरापर्यंत पसरवत, परातीएवढा करून चुलीवरच्या उलट्या खापरावर टाकायचा. पंचावन्न वर्षं हे काम आईनं कुणाला करू दिलं नव्हतं. माझी बायको ज्योत्स्ना सव्वीस वर्षं चुलीत काड्या सारण्याच्या पदावर होती. बढती नाही.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणून आईनं मलाच कारण विचारलं. मी सांगितलं की कातडी, सांधे, सगळं कोलॅजन नावाचं प्रथिन बांधून ठेवतं. वय वाढलं की ते कमी बनतं. कातडीतलं विरळ होतं, म्हणून ती लोंबते. सांध्याभोवतीचं एकमेकांत अडकून ताठ होतं, म्हणून हात वर जात नाही.

"म्हंजे जिथं घट्ट पाहिजे तिथं ढिलं, अन् जिथं ढिलं पाहिजे तिथं घट्ट," आई म्हणाली. "तुह्या बापासारखं."

इतकं नेमकं मी वर्गात कधी सांगितलेलं नाही.

पंधरा दिवसांनी ज्योत्स्नानं मला स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, माझ्या कोलॅजन पावडरच्या डब्यात तुम्ही हात घालता का? आरशात तर फार बघता हल्ली."

"मी नाही."

"मग आईच. सकाळी ताकात दोन चमचे टाकून पितात. पण पावडर जानेवारीतच संपली हो. त्यात शिंगाड्याचं पीठ आहे."

आमच्या घरात डब्यावर लिहिलेलंच आत सापडलं तर तो योगायोग असतो. ही पद्धत आईनंच घालून दिलेली. त्यात आईच फसली.

"सांगू त्यांना?"

"आखाजी होऊ दे." कारण खांदा मोकळा वाटतोय, असं आई दोन दिवस सगळ्या गल्लीला सांगत होती.

आखाजीला माझी बहीण शिल्पा फैजपूरहून माहेरी आली. खापर तापलं. आईनं उंडा घेतला. उजव्या हातावर तो सरसर पसरला, डाव्यावर आला आणि डावा हात अर्ध्यातच अडला. मांडा फाटला. पुरण चुलीत. शिल्पानं धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

आईनं डाव्या हाताकडे कामचुकार गड्याकडे पाहावं तसं पाहिलं. मग म्हणाली, "ज्योत्स्ना, काड्या ठेव त्या. तुहा डावा हात आन इकडं."

दोघी शेजारी बसल्या. आईचा उजवा, सुनेचा डावा. पहिला मांडा जिल्ह्याच्या नकाशासारखा झाला, तिसरा बऱ्यापैकी गोल. दहाव्याला दोघी कडाकडा भांडत होत्या, म्हणजे काम जमलं होतं. काड्या सारायला मला बसवलं.

"त्या पावडरीनं फरक पडला बरं," आई म्हणाली. "पन पुढच्या खेपेले दुसरी मागव बाई. हिची चव शिंगाड्यासारखी लागते."

ज्योत्स्नानं माझ्याकडे पाहिलं. मी काडी आत सारली.