बाल्झचा हात

बाल्झ श्ट्राइफ नऊ कंपन्यांच्या संचालक मंडळांवर होता आणि राजधानीतले दोन मंत्री त्याचा फोन जेवण सोडून घेत. वरच्या दरीतल्या ओढ्यावर त्याच्या वीज कंपनीला धरण बांधायचं होतं. राजधानीतलं सगळं जमवून झालं होतं. उरला होता फक्त मे महिन्यातला रविवार, म्हणजे इथल्या सगळ्या मतदारांनी चौकात उभं राहून हात वर करून मत द्यायचा दिवस. ठराव होता धरणबंदीचा.

कंपनीची माणसं बाल्झच्या मागेच उभी होती. "साहेबांच्या हाताकडे बघायचं," एवढंच त्यांचं ठरलं होतं.

दोन तास भाषणं चालली. ऊन चढलं आणि बाल्झला उभ्या उभ्या डुलकी लागली. तेवढ्यात सभेच्या अध्यक्षांनी खणखणीत विचारलं, "ठराव कुणाकुणाला मान्य आहे?"

बाल्झचा हात सरळ वर गेला. मंडळांच्या बैठकांत हे वाक्य कानावर पडलं की तो वर्षानुवर्षं असाच जात असे. कागद वाचायची गरज कधी पडलीच नव्हती. मागे कंपनीचे हात भराभर वर गेले. बाल्झने दचकून आपला हात खाली ओढला, तोवर अध्यक्षांनी चौकावर नजर फिरवून बंदी मंजूर केली होती. इथे मोजणी नजरेनेच होते.

"पुन्हा मत घ्या म्हण ना," त्याची बायको वेरेना म्हणाली. तिचा हात अजून वरच होता.

"काय सांगू? झोपलो होतो म्हणून?"

"नऊ ठिकाणी चालतं की," वेरेनाने हात खाली घेतला. "चल, सॉसेज गार होतील."