ऊवेची सोंगटी

जर्मनीतल्या कासेलला मार्लिसच्या स्वयंपाकघरात शनिवारी सकाळपासून डाव रंगला होता. पटावरच्या गावाला वणव्यानं वेढलं होतं आणि चौघा मित्रांनी मिळून ते वाचवायचं होतं. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे.

दुपारी मसुराचं सूप पिऊन झाल्यावर ऊवेनं आपली सोंगटी नदीकडे न्यायची सोडून थेट आगीत नेऊन ठेवली.

"अरे, आगीत उडी घेतोस की काय?" टॉर्बन हसला. "सूप चढलं वाटतं तुला!"

ऊवेही हसला, पण अर्ध्याच तोंडानं. समोर बसलेली हेनरिके ताडकन उठली. तिचे वडील शेवटी असेच हसले होते, आणि घरच्यांनी त्यांना आराम करा म्हणून झोपवलं होतं; ते पुन्हा उठलेच नाहीत.

"ऊवे, दोन्ही हात वर कर बघू."

उजवा वर गेला. डावा मांडीवरच पडून राहिला. तो काहीतरी बोलला, पण शब्दांचा नुसता लगदा झाला.

"थकलाय गं तो, पडू दे जरा," मार्लिस म्हणाली.

"अजिबात नाही!" हेनरिके ओरडली आणि तिनं रुग्णवाहिकेला फोन लावला. गाडी येईपर्यंत तिनं त्याचा हात सोडला नाही. त्याला सगळं कळत होतं, हे त्याच्या भेदरलेल्या डोळ्यांत दिसत होतं.

संध्याकाळी इस्पितळातून फोन आला. वेळेत आणल्यामुळे मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळली होती. जीव वाचला, हाताचं मात्र आत्ताच सांगता येत नव्हतं.

फोन ठेवल्यावर तिघंही तशीच बसून राहिली. हेनरिकेला आणि टॉर्बनला एकट्यानं घरी जायचा धीर होईना, आणि मार्लिसला एकटीनं मागे राहायचा.