कापण्याआधीचं नाव

आमच्या पथकाचं काम बॉम्ब निकामी करण्याचं. बाहेरच्यांना वाटतं, आम्ही सगळे वाघाच्या काळजाचे. खरं तर आमच्याइतकी शंकेखोर जमात फौजेत दुसरी नाही. आत गेलेला माणूस जे बोलेल ते बाहेर फोन धरून बसलेल्याने शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचं, आणि आतल्याने "बरोबर" म्हटल्याशिवाय पुढचं काही होत नाही. हा झाला नियम. एक रीत मात्र आमची आम्हीच पाडलेली. शेवटची तार हाताने कापायची वेळ आली की कापणाऱ्याने घरच्या माणसाचं नाव घ्यायचं. काही बरंवाईट झालंच तर बातमी आधी कुणाकडे न्यायची, एवढाच त्याचा अर्थ. आमच्यातल्या जाड्याने एकदा बायकोशी भांडून आल्यावर सासूचं नाव घेतलं होतं. म्हणाला, तिला तरी आनंद होऊ दे.

मास्तर कायम "आई" म्हणायचा. मास्तर हे त्याचं पथकातलं नाव, कारण तो स्क्रूसुद्धा शिकवल्यासारखा समजावून काढतो. या हिवाळ्यात त्याची आई गेली. त्यानंतर हाताने कापायचं काम त्याच्या वाट्याला आलंच नव्हतं. आता तो कुणाचं नाव घेणार, हा प्रश्न मला पडला होता, आणि मी तो कुणाजवळ काढला नव्हता.

कारण उत्तर मला माहीत होतं. पथकात सगळ्यांनाच माहीत होतं. आमच्या रुग्णगाडीवर औषधपाण्याला जो जवान असतो, त्याला आम्ही कंपाउंडर म्हणतो. तो आणि मास्तर एका खोलीत राहायचे, भाडं वाचतं म्हणून. पण पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलवरून दोन माणसं तासभर भांडतात, ती नुसतं भाडं वाचवत नसतात. फौजेचा कायदा याबाबतीत सरळ आहे. पुरुषाने पुरुषाशी संसार मांडला की दोघांनी वर्दी उतरवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती आम्ही झाकून ठेवली होती. त्यात आमचा मोठेपणा काही नाही. मास्तरसारखा हात कुणाला गमावायचा होता?

त्या दिवशी टपाल कचेरीच्या पार्सलखोलीत एक खोकं सापडलं. सकाळची वेळ. आमचं दुरून चालवायचं यंत्र जिना चढेना, म्हणून मास्तर जाड पोशाख चढवून आत गेला. रस्त्यापलीकडे गाडीच्या आडोशाला मी फोन घेऊन बसलो. बॉम्बजवळ वायरलेस वापरायची नाही, म्हणून आमचा फोन तारेचा. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. त्याचा आवाज फक्त माझ्या कानातल्या बोंडात. आणि नेमके त्याच दिवशी कर्नलसाहेब आमचं काम पाहायला आलेले, माझ्या खांद्याशी उभे. त्यांच्यामागे चार हातांवर कंपाउंडर, स्ट्रेचर उघडून तयार.

मास्तरने झाकण काढलं, बॅटरी सुटी केली. सगळं मी मोठ्याने परत म्हणत होतो. मग तो म्हणाला, "एकच तार राहिली. हाताने कापतो. नाव घेतो. कंपाउंडर."

मी बटण दाबलं आणि म्हणालो, "आई."

साहेबांनी मान डोलावली. आल्या आल्या सांगितलेली ही रीत त्यांना आवडलेली दिसली.

"चूक," मास्तर कानात म्हणाला. "आई गेली. नीट ऐक. कंपाउंडर. परत म्हण."

हट्टी माणूस. मला त्याचा राग आला. एवढी वर्षं तोंड मिटून काढली, आणि आज, या माणसाच्या पुढ्यात? पण परत म्हटल्याशिवाय तो कापणार नव्हता, आणि कटर तारेवर ठेवून माणूस किती वेळ उकिडवा बसणार?

"कंपाउंडर," मी म्हणालो.

"कंपाउंडर म्हणजे?" साहेबांनी विचारलं. माझी नजर आपसूक मागे स्ट्रेचरजवळच्या कंपाउंडरकडे गेली, तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, बटण दाबलं आणि तसंच मागे वळले. फोन वापरायची सवय नसलेला माणूस हेच करतो, बोलायचं ठरवतो तेव्हापासून अंगठा उचलत नाही. मी हातवारे करून त्यांच्या अंगठ्याकडे दाखवत होतो. त्यांचं लक्ष कंपाउंडरकडे.

"तुझं नाव घेतोय तो. तू त्याचा कोण?"

कंपाउंडरने साहेबांकडे पाहिलं, मग टपाल कचेरीच्या दाराकडे.

"कोणी नाही साहेब. एका खोलीत राहतो, इतकंच. चेष्टा केली असेल."

अंगठा बटणावरच होता. मी साहेबांचा हात धरला. जवानाने कर्नलचा हात धरायचा नसतो, पण धरला, आणि फोन काढून घेतला. तोवर सगळं आत ऐकू गेलं होतं.

"दुरुस्ती," मास्तर म्हणाला. त्याचा आवाज शिकवतानाचाच होता. "घरी कोणी नाही. परत म्हण."

माझ्याच्याने म्हणवेना. जाड्याच्या सासूपासून आजवर किती नावं परत म्हणून दाखवली, कधी जीभ अडली नव्हती.

"म्हण ना," साहेब म्हणाले.

"घरी कोणी नाही."

"बरोबर. कापतो."

तार कापली गेली. काही झालं नाही. मास्तर जिना उतरून बाहेर आला, साहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि कुणाला तरी फोन करायला गेले. दोघांचीही वर्दी वाचली. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मला रडू येत होतं.

बाहेर आलेल्याची नाडी पाहायचं काम कंपाउंडरचं. मास्तर गाडीच्या पायरीवर बसला, मी त्याच्या पोशाखाचे पट्टे सोडवत होतो. कंपाउंडरने त्याचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं.

"दुसरं काय म्हणणार होतो मी?" तो हळूच म्हणाला. "दोघंही गेलो असतो."

"काहीच नाही," मास्तर म्हणाला. "मी तरी दुसरं काय म्हणालो?"

साहेब परत येताना दिसले. मास्तरने आपलं मनगट सोडवून घेतलं.