एकोणतिसाव्या रोजाची गवाही

अंगणात शेळी आलीय की कुत्रा, हे इसाकमियाला आवाजावरून कळायचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पेणच्या डॉक्टरांनी ईदनंतरची तारीख दिलेली. अशा माणसाने एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी, मगरिबची नमाज संपताच मशिदीत उभं राहून, "मी ईदचा चांद पाहिला," असं सांगितलं, तेव्हा अस्लमला आधी हसू आलं. हसू गालापर्यंत आलं आणि तिथंच थबकलं. इसाकमिया त्याचा होणारा व्याही होता.

दुसरा गवाह होता जुहेब. त्याचे डोळे चांगले होते. जरा जास्तच चांगले. कोण नमाजेला उशिरा आला, कोणाच्या कौलावर टीव्हीचा अँटेना आहे, कोणाची मुलगी ओढणी सावरत नाही, सगळं त्याला लांबून दिसायचं. नऊ वर्षं आखातात काढून तो दोन वर्षांमागे परतला आणि रोह्याच्या बाजारात त्याने एसटीडी बूथ टाकला. दुपारी तिकडून फोन आला होता: आमच्याकडे उद्या ईद. फोन दुपारी आला आणि चांद संध्याकाळी दिसला, यात मशिदीत बसलेल्या अठ्ठावन्न जणांपैकी एकालाही काही वावगं वाटलं नव्हतं. वाटलं असेल तर ते त्यांनी टोपीखाली ठेवलं होतं.

अस्लमला वाटण्याचा प्रश्न नव्हता. त्याला ठाऊक होतं. खारबंधाऱ्यावरची उघाडी तो सांभाळायचा. बंधाऱ्याला बसवलेलं हे लाकडी दार ओहोटीला उघडून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती लागली की मिटायचं. वीस वर्षं तो आणि शेजारच्या आगरी पाड्यातला नाथा, दोघं मिळून हे करत आले होते. भरतीचं पाणी दुपारी बाराच्या सुमाराला पुरं चढलं की अवस तरी असते, नाहीतर पुनव. आज पाणी बाराला चढलं होतं. पुनव पंधरवड्यामागे होऊन गेली होती. आणि अवसेला चांद सूर्याच्या काखेत झोपलेला असतो.

शिवाय सूर्य बुडेपर्यंत तो स्वतः बंधाऱ्यावर पश्चिमेला तोंड करून उभा होता. नाथा टोपलीत कोळंबी निवडत त्याला चिडवत होता.

"काय रं अस्लम, मान मोडशील. आज अवस हाय. चांद काय तुज्यासाठी वाकडी वाट करून येनार हाय?"

"एकोणतिसावा रोजा हाय, नाथा. बघायचं आमचं काम. दिसायचं का नाय, ते त्याचं."

"मंग बघ बाबा. शिरखुर्मा परवाच येतोय म्हंजे माज्या घरी."

अस्लमने पुन्हा पश्चिमेला तोंड केलं होतं. जुहेबच्या सांगण्यावरून शिरखुर्मा यंदा पाड्यात जायचा नव्हता, हे नाथाला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

जुहेब मागायचा ते दर वेळी एकच काहीतरी, आणि दर वेळी इतकं लहान की नाही म्हणणाऱ्यालाच आपण हट्टी वाटावं. आधी म्हणाला, दर्ग्यावर नाथाच्या घरचा नारळ नको. शंभर वर्षांचा रिवाज होता, पण नारळ तो काय! अस्लमने मान हलवली. मग म्हणाला, लग्नात बायकांनी हळदीची गाणी म्हणू नयेत. गाणी तर गाणी. अस्लमने मान हलवली. मग म्हणाला, मुलींनी सायकलवर रोह्याला कॉलेजात जाऊ नये. ती मुलगी एकच होती, अस्लमची उमामा. तेव्हाही मान हललीच. त्या दिवशी उमामाने सायकल पडवीत उलटी करून ठेवली आणि म्हणाली, "अब्बा, तुमची मान आता आपसूक हलते. मागायच्या आधीच."

आता मागायची पाळी चांदाची होती.

यात एक अडचण होती, आणि ती जुहेबलाही माहीत होती. या गावात चांदाची गवाही आली की गवाहाला तीन सवाल विचारायचे, असा रिवाज होता. कुठं उभा होतास? सूर्य बुडाला त्याच्या कोणत्या बाजूला दिसला? टोकं कुणीकडे होती? गेल्या वर्षी वारलेले, मशिदीत प्रवचन देणारे खतीबसाहेब हे सवाल स्वतःच्या सख्ख्या भावालाही विचारायचे. "गवाहाला सवाल केला तर त्याचा अपमान होत नाय," ते म्हणायचे, "गवाहीची इज्जत राहते." जाताना हे काम त्यांनी अस्लमवर सोपवलं होतं, कारण आभाळाकडे रोज बघणारा गावात तो एकच उरला होता. नव्या इमामसाहेबांना तर जुहेबच्या माणसांनीच आणलं होतं. ते समोर खाली मान घालून बसले होते.

"दोन मुसलमानांनी गवाही दिली," जुहेब म्हणाला. आवाज मऊ, मधात बुडवलेला. "बस झालं. उद्या ईद. कोणाला काय विचारायचं हाय?"

हे विचारणं नव्हतं. अस्लमला आपल्या अंगणातल्या तीन तांब्याच्या देगा दिसल्या. लग्नाच्या जेवणाची ही मोठाली पातेली जमातीची, सोमवारीच आणून ठेवलेली. ईदच्या तिसऱ्या दिवशी उमामाचा निकाह होता, इसाकमियाच्या मोहसीनशी. मोहसीन दोहाहून तीन आठवड्यांच्या रजेवर आलेला, आणि त्याचा व्हिसा जुहेबनेच काढून दिलेला. जमातीच्या वहीत नाव चढल्याशिवाय गावात निकाह होत नव्हता. जमातीबाहेर गेलेल्याला देग मिळत नव्हती, काजी मिळत नव्हता, मेल्यावर खांदाही मिळत नव्हता.

त्याची मान हलायला लागली होती. ती अर्ध्यात असतानाच त्याचं तोंड उघडलं.

"इसाकभाय, तुमी कुठं उभे होतात?"

रांगांतल्या टोप्या एकदम अस्लमकडे वळल्या.

"मी? मी... बंधाऱ्यावर," इसाकमिया म्हणाला. "उघाडीच्या बाजूला."

"माझ्या शेजारी?"

मागच्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं आणि खोकल्यात लपवलं. इसाकमियाने आवाजाच्या दिशेने मान वळवली. आपण कोणाच्या शेजारी उभे होतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"गर्दी होती," तो म्हणाला.

"बरं. टोकं कुणीकडे होती?"

या सवालावर मात्र इसाकमिया खुलला. याचं उत्तर त्याच्याकडे होतं. "उभा होता चांद. तलवारीवानी. टोकं बाजूला, आणि मधे तारा."

आता हसू चार-पाच ठिकाणांहून आलं. कारण या खाडीवर थंडीच्या दिवसांत नवा चांद होडीसारखा येतो. आडवा, दोन्ही टोकं वर. इथल्या लहान पोरांनाही ते माहीत असतं. उभा चांद आणि मधे तारा होता तो मशिदीच्या दारावरच्या हिरव्या कापडी झेंड्यावर. चौकट चाचपडत आत येताना तो झेंडा इसाकमियाच्या थेट नाकाला लागायचा. बिचाऱ्याने शेवटचा स्पष्ट पाहिलेला चांद तोच.

अस्लमला वाटलं, संपलं. आता जुहेब चिडेल, लोक बोलतील, आणि उद्या तिसावा रोजा होईल.

जुहेब चिडला नाही. त्याने खिशातून एक छोटी वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि म्हणाला, "अस्लमचाचा, तुमी बंधाऱ्यावर कोणाबरोबर होतात?"

"नाथाबरोबर. रोज असतो."

"आणि नाथाने तुमाला काय सांगितलं? आज अवस हाय म्हणून?"

अस्लमची मान हलली.

"बघा," जुहेब रांगांकडे वळला. "दोन मुसलमान सांगतात चांद दिसला. एक काफिर सांगतो, अवस हाय. आमच्या चाचांनी कोणाचं ऐकलं?"

"मी पाण्याचं ऐकलं, जुहेब. पाणी कोणाचंच नाय."

"उद्या ईद करायची, त्यांनी हात वर करा."

पहिले वीस-पंचवीस हात झटकन वर गेले. मग जरा थांबून, एकमेकांकडे बघत, आणखी. मग खोकल्यात हसलेलेही. त्यांचे हात ओल्या कपड्यांसारखे जड झाले होते, पण गेले वर. अस्लमने नको म्हटलं तरी मोजले. शेवटचे अकरा खूप उशिरा आले. इमामसाहेबांनीही हात वर केला. एकटा अस्लम मांडीवर हात ठेवून बसला होता.

जुहेब मात्र हात मोजत नव्हता. तो लिहीत होता. सगळे हात वर गेल्यावरही तो बराच वेळ लिहीत होता.

घरी आमनाने ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "आवो, तीन दिस तोंड मिटून बसला असता तर काय बिघडलं असतं? पोरीचा निकाह झाल्यावर विचारायचं होतं जे विचारायचं ते!"

"चांद काय निकाहानंतर मागं जाऊन बघता येतो?"

"चांदाला घेऊन काय करू? पोरीला कुठं ठेवू?"

"अम्मी, मला कुठं ठेवायचं नाय," उमामा चुलीपाशी म्हणाली. "आहे तिथं बरी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाने ईद केली. नव्या कपड्यांतली माणसं अस्लमच्या दारावरून गेली, आणि सलाम करायचा की नाही हे कोणी ठरवलं नसल्यामुळे बहुतेकांना अचानक समोरच्या घराच्या कौलांत फार रस वाटू लागला. घरात तिघांचा रोजा होता. आमना चिडली होती, पण पहाटे सहरीच्या जेवणाला तीही उठली होती. दुपारी इसाकमियाची बायको मागच्या दाराने आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"आमना गो, जमातीवाल्यांचं म्हणणं एवढंच हाय. संध्याकाळी वही घेऊन येतील. अस्लमभायने लिहून द्यावं की कालचा चांद बरोबर होता, आपलीच नजर चुकली. मग निकाह ठरल्यापरमाणे." मग हळूच म्हणाली, "आमच्या यांनी रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाय गो. सारखं विचारतात, टोकं खरंच वर असतात काय?"

ती गेल्यावर आमनाने नवऱ्याकडे पाहिलं. अस्लमने उमामाकडे पाहिलं.

"तुमी सही केली तर मी निकाह करीन, अब्बा," उमामा म्हणाली. "पण मग मला पोरं झाली आणि त्यांनी काय विचारलं, तर मी काय सांगू? तुमचे नाना सवाल विचारायचे, मग एक दिवस थांबले?"

अस्लम बंधाऱ्यावर गेला.

नाथा तिथं नव्हता. टोपलीही नव्हती. सकाळी पाड्यात कोणीतरी निरोप देऊन गेलं होतं, की त्याने काही दिवस उघाडीकडे फिरकू नये. कोणी, ते कळलं नाही. आज पाणी बारा वाजून गेल्यावर, उशिरा चढलं होतं. सूर्य खाडीच्या तोंडाशी बुडाला. अस्लमने खजूर तोंडात टाकला, आणि तेवढ्यात, तांबूस उजेडाच्या जरा वर, चांद दिसला. बारीक, आडवा, होडीसारखा. दोन्ही टोकं वर.

त्याने दुवा मागितली आणि मागे वळला. गावाकडून बंधाऱ्यावर माणसं येत होती. वीस-बावीस असतील. पुढे जुहेब, बगलेत जमातीची मोठी वही. त्याच्या खांद्यावर हात ठेवून इसाकमिया.

अस्लम पश्चिमेला पाठ करून उभा होता. म्हणजे चांद त्याच्या डोक्यावरून थेट त्या सगळ्यांच्या तोंडासमोर होता. एवढा समोर की टाळायचा म्हटला तर मान खाली घालावी लागावी. त्यांनी घातली. एकेकाने, जणू पायाखाली बंधारा खचतोय.

"चाचा, इथं सही," जुहेब म्हणाला. "मगरिबची वेळ झाली."

"जुहेब, जरा वर बघ. एकदाच."

"मला बघायची गरज नाय."

"आणि तुमी? कोणी तरी?"

कोणी वर पाहिलं नाही. वाऱ्याने वहीची पानं फडफडली. तेव्हा इसाकमियाने मान उचलली. पांढुरके डोळे आभाळात इकडून तिकडे फिरवले आणि लहान पोरासारखं विचारलं, "अस्लम, कुठं हाय रं? मला नाय दिसत. टोकं कुणीकडे हाईत?"

"वर, इसाकभाय. दोनी वर."

जुहेबने वही मिटली. रागाने नाही, सावकाश. इसाकमियाचा हात त्याने आपल्या खांद्यावरून काढून बाजूला ठेवला, आणि वळला. सगळे त्याच्या मागून गेले. इसाकमिया तिथंच हात पुढे करून उभा राहिला. शेवटी अस्लमने तो हात धरला आणि त्याला बंधाऱ्यावरून खाली उतरवलं.

अंगणात देगा नव्हत्या. सारवलेल्या जमिनीवर तीन गोल खुणा होत्या, तळाच्या काळ्या काजळीच्या. आमना दारात बसली होती, उमामा खुणांच्या मधोमध उभी राहून वर बघत होती.

तेवढ्यात मशिदीचा भोंगा खरखरला. अजान झालेली होती, नमाजही. भोंग्यात जुहेबचा आवाज आला, कालसारखाच मऊ. जमातीबाहेर केलेल्यांची नावं तो वाचणार होता. त्यांच्याशी बोलणं नाही, देणंघेणं नाही, खांदा नाही.

पहिलं नाव अस्लमचं. ते ठरलेलंच होतं. अस्लमने इसाकमियाला पडवीत बसवलं, पाण्याचा तांब्या पुढे केला.

पण भोंगा थांबला नाही. दुसरं नाव आलं. तिसरं. खोकल्यात हसलेला तो. त्याच्या शेजारी बसलेला. हात वर करायला उशीर लावलेला एकेक जण, ज्या क्रमाने हात गेले त्याच क्रमाने. अस्लम बोटांवर मोजत होता. नाव वाचलं की गल्लीतल्या त्या घरात ईदचा गलका एकदम बंद पडायचा, आणि शेजारच्या घराची खिडकी लागायची.

ते अकराही झाले, अस्लम धरून बारा. अस्लमने मूठ मिटली.

भोंग्यात पान उलटल्याचा आवाज आला. मग तेरावं नाव आलं, इसाकमियाचं, आणि पडवीत त्याने हातातला तांब्या चाचपडत जमिनीवर ठेवला.