लाट कशाची

निळा दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकला. बोटाच्या दोन पेरांएवढी ती काळी पट्टी संगणकाच्या पाठीमागे खोचून सत्यशीलाबाई तिच्याकडेच बघत बसल्या. रविवारची सकाळ. खालच्या कापड दुकानात घरमालक महांतेशअप्पांचं इंटरनेट होतं. पण वायर वर ओढायची तर स्लॅबला भोक पाडावं लागणार, आणि अप्पांना ते नको होतं. म्हणून बाईंनी बीडहून ही वायफायची पट्टी आणली. शिरूरच्या शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं... शनीचा एक धड फोटो कधी मुलांना दाखवता आला नव्हता.

अप्पांची सून रुद्राणी पासवर्डची चिठ्ठी घेऊन वर आली. बाईंनी एकेक अक्षर जपून दाबलं. दिवा स्थिर झाला... आणि वरून खाली, हळूहळू, पडद्यावर शनी उतरला. कड्यांसकट.

"अगं बया! पर बाई, वायर तर कुटंच न्हाई. हे येतं कशातून?"

'विद्युतचुंबकीय लहरींना माध्यमाची आवश्यकता नसते.' सव्वीस वर्षं घोटलेलं वाक्य जिभेवर आलं आणि तिथंच अडलं — कारण मधे आठवणीतली छबू उभी राहिली होती. नववी ब, खिडकीजवळचा बाक, दर दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणारी. हेच वाक्य फळ्यावर लिहिलं तेव्हा म्हणाली होती, "बाई, लाट म्हनल्यावर पानी तरी पायजे ना? मधी काईच न्हाई, तर लाट कशाची?" वर्ग हसला. आणि मी... हो, मीच म्हणाले, "परीक्षेत येत नाही ते. बस खाली." ती बसली. त्या दिवाळीनंतर गेली ती शाळेत परतलीच नाही. ऊसतोडीच्या कोयत्यानं शाळेतून नेली तिला, आपल्या बोलण्यानं नव्हे, असं बाईंनी स्वतःला कितीदा समजावलं होतं! पण त्या दिवशी आवाज चढला होता, तो रागानं नव्हे. उत्तर येत नव्हतं म्हणून.

बाईंनी हात पुढे केला. पट्टी आणि फरशी यांच्यामधल्या हवेत तळवा धरला. काही लागलं नाही. काही अडलं नाही. स्लॅबमधून, रुद्राणीच्या पदरातून, आपल्या हाडांतून ते येतच होतं. आणि हा फोटो काढला त्या यानाला तरी कुठली वायर होती? कोट्यवधी मैल नुसता काळोख, हवासुद्धा नाही... तिथून हे निघालं होतं, काहीच नसलेल्यावरून चालत, शिरूरपर्यंत. त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

"मला ठाऊक नाही गं."

"तुमाला बी न्हाई?" रुद्राणी हसली नाही. पडद्याजवळ सरकली. "मग पोरींना काय सांगता ओ?"

"पुस्तकातलं वाक्य."

खालून हाक आली तशी ती गेली. उद्या नववीला हाच धडा. ते वाक्य आता तोंडातून निघणार नाही, एवढं बाईंना कळलं होतं. त्याच्या जागी काय निघेल, ते कळत नव्हतं. चाळीस पोरं, हातात खडू, आणि आपण गप्प... भीती वाटायला हवी होती. वाटत होतं ते वेगळंच — देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या पोरीसारखं काहीतरी. डोळे अजून अंधाराला सरावलेले नाहीत, समोर काय आहे दिसत नाही, आणि तरी मागं वळावंसं वाटत नाही.